बारा पानांचा मेजर

मेजर आयुष्यात एक दिवसही सैन्यात नव्हते. सैन्याचं सोडा, शाळेत कवायतीचा तास चुकवायला ते पाय मुरगळल्याची बतावणी करायचे, हे त्यांनीच मला सांगितलेलं आहे. तरीही पौडच्या बाजारपेठेत, पिरंगुटच्या टपरीवर आणि उरवड्याच्या आमच्या कारखान्यात त्यांना मेजरखेरीज दुसऱ्या नावाने कोणी हाक मारली नाही. खरं नाव हजेरीपत्रकापुरतं उरलं होतं. ते स्टोअरचे प्रमुख आणि मी क्वालिटीत, म्हणजे आम्ही हाडवैरी. त्यांनी आत घेतलेला माल मी नापास करायचा आणि त्यांनी तो का पास आहे हे मला ताठ उभं राहून सांगायचं, यात आमची बावीस वर्षं छान गेली.

स्टोअरमध्ये येणाऱ्या प्रत्येक वस्तूचं एक कार्ड असायचं. वस्तू काय आहे ते कळल्याशिवाय कार्ड नाही, आणि कार्ड नसेल तर मेजरांच्या मते ती वस्तू जगातच नाही. एकदा मॅनेजरसाहेब छत्री विसरून गेले. दुसऱ्या दिवशी ते ती न्यायला आले, तर मेजरांनी कार्ड पुढे केलं. त्यावर लिहिलं होतं, ‘छत्री, काळी, एक काडी मोडकी, मालक विसराळू.’ साहेब भडकले. मेजर म्हणाले, “यातलं काय खोटं आहे तेवढं सांगा, खोडतो.” साहेब छत्री घेऊन निघून गेले.

याच कार्डापायी मेजर मेजर झाले. आमच्याकडे जर्मनीहून एक मशीन आलं. ते बसवायला तिकडचा एक इंजिनियर आला, चार महिने राहिला, आमची मिसळ खाऊन आठ दिवस आजारी पडला आणि परत गेला. मशीनच्या सुट्या भागांच्या खोक्यात, गॅस्केटच्या पाकिटांखाली, मेजरांना एक जाडजूड पुस्तक सापडलं. मालाच्या यादीत ते नव्हतं. मेजरांनी त्या इंजिनियरला जर्मनीला पत्र टाकलं. उत्तर आलं, ते माझ्या खापरपणजोबांचं चरित्र आहे, घरच्यांनी छापलेलं, आमच्यापैकी कोणी वाचलेलं नाही, ठेवून घ्या. दुसरा कोणी असता तर कार्डावर ‘पुस्तक, एक’ लिहून मोकळा झाला असता. मेजर म्हणाले, “डब्यावर नुसतं ‘तेल’ लिहून चालतं का? खायचं की मशीनचं?” आणि कार्डावरचं वर्णन भरता यावं म्हणून ते पुस्तक वाचायला बसले.

त्यांना जर्मन येत होतं ते मशीनच्या माहितीपुस्तकांतून आलेलं. त्यामुळे पहिली पन्नास पानं त्यांना चरित्रनायकाची आई ही एखादा पंप असावी असं वाटत होतं. मग त्यांनी पुण्याहून जुना शब्दकोश आणला. ते जुन्या वळणाचं काटेरी छापील अक्षर लावायला एक वर्ष गेलं. रोज दहा ओळी वाचायच्या, त्यांचं मराठी वहीत उतरवायचं, त्याहून जास्त नाही. पुढचं पान उलटून बघायचं तर मुळीच नाही. मी एकदा म्हटलं, “अहो, शेवट तरी बघा, मेला का जगला.” ते म्हणाले, “बाई, दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस. मेला असणार. त्याची घाई काय?”

माणूस होता प्रशियाच्या सैन्यातला एक अधिकारी, लिओपोल्ड फॉन श्नेट्झ. पिरंगुटच्या टपरीवर दोन दिवसांत त्याचा पोलादराव झाला. मेजर सकाळी कंपनीच्या बसमधून उतरले की टपरीवाला चहा गाळता गाळता विचारायचा, “काय क्येलं आज पोलादरावानं?” आणि मेजर टाचा जुळवून आदल्या दिवशीच्या दहा ओळी सादर करायचे. त्यावरूनच टपरीने त्यांना मेजर करून टाकलं. असं अकरा वर्षं चाललं. मुळशी तालुक्यात आपल्या चुलतआजोबांचं नाव सांगता न येणारी माणसं आहेत, पण पोलादरावाच्या घोड्याचं नाव त्यांना विचारा, झोपेतून उठून सांगतील.

खरं सांगायचं तर पोलादराव हा अगदीच सुमार गृहस्थ होता. पूर्वेकडच्या रेताड मुलखात जन्म, नावात खानदानी ‘फॉन’ आणि ताटात तिन्ही त्रिकाळ बटाटे. अकराव्या वर्षी त्याला लष्करी शाळेत टाकलं, तिथे पातळ सूप आणि ताठ उभं राहणं एवढंच शिकवायचे. जवानीत एका मित्राशी त्याचं द्वंद्वयुद्ध झालं, कारण मित्राच्या कुत्र्याने याचं सॉसेज खाल्लं. दोघांनीही नेम धरून गोळ्या झाडल्या आणि दोघांच्याही गोळ्या झाडात गेल्या. गालावर जन्मभर मिरवलेला व्रण मात्र खरा होता. तो त्या सकाळी दाढी करताना हात थरथरल्याने झाला होता. हे सांगताना मेजरांचे डोळे अभिमानाने भरून यायचे. मी म्हणायचे, “यात अभिमान कसला?” ते म्हणायचे, “घाबरला होता, तरी दाढी करून गेला.”

लढाईच्या बाबतीत तर पोलादरावाची पत्रिकाच खराब होती. डेन्मार्कशी युद्ध झालं तेव्हा याच्या तुकडीला एक पूल राखायला बसवलं. तो पूल शत्रूलाही नको होता आणि यांनाही. ऑस्ट्रियाशी झालं तेव्हा याची आगगाडी दोन दिवस एका आडस्टेशनात उभी. तोफा ऐकू येताहेत, गाडी हलत नाही. पोचला तेव्हा लढाई संपली होती. मग याला मैदानात पडलेल्या बंदुका आणि बूट गोळा करून जमा करायचं काम दिलं. या पानावर मेजर पंधरा दिवस रेंगाळले. “बघा बाई,” ते मला म्हणाले, “लढाई कुणीही जिंको, माल जमा करणारा माणूस लागतोच.” त्यानंतर शांततेच्या काळात पोलादरावाने पाठीवरची पिशवी कशी भरावी यावर एकवीस पायऱ्यांचं टिपण लिहिलं. ते वरिष्ठांपैकी कुणी वाचलं नाही. आमच्या कारखान्यात मात्र ते लागू झालं. जेवणाचा डबा पिशवीत भरण्याची मेजरांची पद्धत तिथून आली होती आणि ती बघायला नवीन भरती झालेल्यांना मुद्दाम नेत असत.

शेवटी फ्रान्सशी युद्ध लागलं आणि पोलादराव एकदाचा वेळेवर पोचला. अख्खी टपरी श्वास रोखून होती. एका गावातून रात्री याच्या लोकांवर गोळ्या आल्या. दुसऱ्या दिवशी वरून लेखी हुकूम आला, गाव जाळून टाका. पोलादरावाने कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला, टेकडीवरून त्या गावाकडे बघितलं, आणि पान संपलं.

पुढची बारा पानं शेळीने खाल्ली.

पावसाळा उलटला की मुळशीत घरातलं सगळं उन्हात टाकावं लागतं, गाद्या, डाळी, कागदपत्रं. नाहीतर सगळ्यावर लव उगवते. मेजरांनीही पुस्तक ओट्यावर उघडून वाळत घातलं आणि ते आंघोळीला गेले. त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या भाभींची, तांबडी शेळी तिथेच बांधलेली. आंघोळ करून येईपर्यंत सहा कागद, म्हणजे दोन्ही बाजू धरून मोजून बारा पानं, गायब. बाकीच्या पुस्तकाला तिने तोंड लावलं नाही. त्यानंतर जिथे मजकूर सुरू होत होता तिथे पोलादराव काविळीने दवाखान्यात होता. मग त्याला मेजर ही पदवी देऊन घरी बसवलं. पुढची तीस वर्षं त्याने बदकं पाळली, जुन्या सोबत्यांच्या मेळाव्यांना गेला नाही आणि फ्रान्सचा विषय काढला नाही. गाव जाळलं म्हणून गप्प, की जाळलं नाही म्हणून घरी बसवला, याचा पत्ता लागत नव्हता.

त्या शेळीला भाभी विकायला निघाल्या, तर मेजर आडवे पडले. “काय झालं ते फक्त तिलाच माहीत आहे,” म्हणाले. ती म्हातारी होऊन मेली तोवर त्यांच्याच दारात होती.

टपरीवर तर्कांना ऊत आला. टपरीवाल्याच्या मते पोलादरावाचं त्या गावातल्या एका बाईवर मन जडलं होतं. एक टेम्पोवाला म्हणाला, “त्यात काय इचार करायचा? पाऊस आला आसंल. वल्या छपराला आग लागतीया व्हय?” मुळशीचा माणूस आगीचा विचार करतो तो असा. लोक म्हणायचे, “मेजर, तुमीच ल्हिवा की काय तरी.” मेजरांनी वहीत बारा पानं कोरी सोडली आणि पुढे लिहायला घेतलं. प्रत्येक कोऱ्या पानाच्या वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘माल आलेला नाही.’

मला हे सगळं गमतीचं वाटायचं. म्हाताऱ्याला एक खूळ लागलंय, लागू दे, अशी माझी समजूत होती. आम्ही दोघंही निवृत्त झालो, मी बावधनला फ्लॅटवर राहायला गेले, महिन्यातून एकदा पौडला त्यांच्याकडे चक्कर टाकायचे. साखरेने त्यांचे डोळे गेले होते. एकदा असाच पोलादरावाचा विषय निघाला आणि मी चेष्टेने म्हटलं, “आता कशाला हवंय हो ते? जाळलं असेल नाहीतर नसेल.” मेजरांनी हातातला कप चाचपून खाली ठेवला. मग म्हणाले, “बाई, बबन आठवतो?”

आठवत होता. ताम्हिणीकडच्या डोंगरावरच्या वाडीतला, स्टोअरमध्ये ओझी उचलायचा, पहिल्या दिवसापासून होता. मशीन आल्यावर आठ माणसं कमी करायची ठरली तेव्हा गेला.

“आठ नावं मागितली होती माझ्याकडे,” मेजर म्हणाले. “सात मी पटापट लिहिली, ती नवी पोरं होती. आठवं सुचेना. साहेब म्हणाले, पाच वाजेपर्यंत द्या. मी बबनचं लिहिलं. का लिहिलं? तर तो वाद घालणार नाही म्हणून. मग कागदाची घडी घातली आणि त्याच्याच हातात दिली, की ऑफिसात देऊन ये. त्याला वाचता येत नव्हतं. तो पळत गेला हो. मी काही सांगितलं की तो पळतच जायचा.”

तोवर मला वाटत होतं की हा माणूस पुस्तकात रमलाय. तो त्या बारा पानांत अडकून पडला होता.

“आता तुम्हीच सांगा,” ते म्हणाले. “पोलादरावाने जाळलं असेल, तर मी एकटा नाही, एवढं तरी समाधान. नसेल जाळलं, तर मला बबनकडे जायला पाहिजे, मग तो कुऱ्हाड काढो. दोन्हीची तयारी आहे. पण कळायला तर पाहिजे.”

मी घरी आले आणि महिनाभर कॉम्प्युटरला चिकटले. परदेशातल्या कुठल्याशा ग्रंथालयाने जुन्या पुस्तकांच्या पानापानाचे फोटो काढून ठेवलेले असतात, त्यांत शेवटी श्नेट्झचं चरित्र सापडलं. मोबाईलने त्याचं तोडकंमोडकं भाषांतर दिलं, त्यावरून मी माझं मराठी केलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. पोलादरावाने गाव जाळलं. दुपारी सुरू केलं आणि संध्याकाळपर्यंत एकही छप्पर ठेवलं नाही. एका म्हातारीला तिची खुर्ची तेवढी बाहेर काढू दिली, याचं घरच्यांनी दीड पान कौतुक केलं आहे.

कागद घेऊन मी पौडला गेले. मेजर खाटेवर ताठ बसले होते, भाभींकडून दाढी करून घेतली होती, धुवट सदरा घातला होता. मी वाचायला लागले. पहिलं दीड पान जसं होतं तसं वाचलं. मग ती ओळ आली आणि माझी जीभ भलतीकडेच वळली. ठरवून खोटं बोलले असं म्हणण्याइतकी मी धोरणी नाही. त्यांचा तो वर केलेला चेहरा बघितला आणि माझ्याने होईना. मी सांगितलं, पोलादरावाने तुकडीला चालायला लावलं, पण उलट्या वाटेने. धुकं होतं. तो त्यांना टेकडीभोवती फिरवत राहिला, जिथे वळायचं तिथे वळला नाही. गावापाशी पोचेपर्यंत सकाळ झाली आणि तोवर हुकूम मागे घेतला गेला होता.

मेजरांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत, तर ते हसत होते. “उशीर केला!” ते ओरडले. “जन्मभर चुकून उशीर झाला आणि त्या दिवशी मुद्दाम केला! बेटा!” भाभी स्वयंपाकघरातून धावत आल्या. हसता हसता त्यांना खरंच रडू फुटलं, आणि मी हातातले कागद पर्समध्ये कोंबले, इतकी मला स्वतःची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “बाई, तुमची गाडी पाहिजे. बबनकडे जायचंय.”

धरणाच्या कडेकडेने आम्ही गेलो. वाडीपर्यंत गाडी जात नाही, पायथ्याशी थांबून निरोप धाडला. तासाभराने बबन उतरून आला, कमरेला कोयता, केस पांढरे, चाल तीच. मेजर गाडीबाहेर टाचा जुळवून उभे राहिले. आवाजाच्या रोखाने तोंड केलं आणि एका दमात म्हणाले, “बबन, ऑफिसात देऊन ये म्हणून मी तुझ्या हातात जी चिठ्ठी दिली, तिच्यात तुझंच नाव होतं. मी लिहिलं होतं. लिहायला नको होतं. माझं चुकलं.”

बबन म्हणाला, “म्हाईत हाय की. हापिसातल्या शिपायानं तवाच वाचून दावली.”

“मग मला शिव्या द्यायला का नाही आलास?”

“दिल्या की! लई दिल्या. वाडीत उबा ऱ्हाऊन दिल्या. तुमी हितं नव्हता, म्हनून ऐकाया आल्या न्हाईत.”

“आता दे.”

“आता कुटं? इसारलो समद्या.” मग त्याने जरा आठवून बघितलं. “येक ध्यानात हाय.” आणि त्याने ती दिली. मी मुळशीत निम्मं आयुष्य काढलं, पण तशी शिवी ऐकली नव्हती. ती लिहिण्याजोगी नाही. मेजरांनी ती मान खाली घालून, माल ताब्यात घ्यावा तशी घेतली. मग बबनने त्यांचा दंड धरला आणि म्हणाला, “चला, च्या घिऊ. ह्यो काय उनात उबं ऱ्हायाचं वय हाय?”

पुढच्या महिन्यात मेजरांनी मला बसवून ती बारा पानं वहीत लिहून घेतली. मी सांगितलेली गोष्ट त्यांनी मलाच सांगितली, त्यांच्या भाषेत, धुक्यासकट, आणि मी मुकाट्याने लिहिली. दर पानाला विचारायचे, “बरोबर आहे ना? मुळात असंच आहे ना?” मी हो म्हणत गेले. नसलेली वस्तू ज्याने साऱ्या आयुष्यात कधी आहे म्हणून लिहिली नाही, त्याच्या वहीत मी बारा पानं खोटी घातली. त्यानंतर चार महिन्यांनी ते गेले. त्यांना खरं सांगायला माझ्याकडे चार महिने होते आणि मी सांगितलं नाही.

मेजर गेल्याला चाळीस दिवस झाले, त्या चाळिसाव्याच्या जेवणाला बबन वाडीवरून चालत आला, रानातल्या मधाची बाटली घेऊन. पंगत बसायची होती. माझ्या शेजारी टेकला आणि हळूच म्हणाला, “बाई, येक इचारू? त्यो मेजरांचा गोरा कप्तान, त्या दिशी च्या पिताना त्यांनी सांगितल्याला. त्यानं खरंच मुद्दाम वाट चुकवली व्हय?”

बाकी कुणाला मी तेच उत्तर दिलं असतं. याला देता आलं नाही. मी म्हटलं, “नाही रे. जाळलं त्याने गाव. मी खोटं सांगितलं मेजरांना.”

बबनने मान हलवली. नवल वाटल्यासारखं दिसलं नाही.

“मंग परत कदी ग्येला का त्यो त्या गावात? मानसांस्नी भेटाया?”

“नाही. घरी बसून तीस वर्षं बदकं पाळली.”

“डोळं हुतं त्याला?”

“होते की. चांगले होते.”

“बघा,” बबन म्हणाला. “आन आपल्या म्हाताऱ्याला डोळं न्हाई, तरी आला माझ्या डोंगरापातूर.”

तेवढ्यात भाभींनी हाक मारली. बबन उठला, मधाची बाटली त्यांच्या हातात दिली आणि पंगतीत जाऊन बसला.